वाण्याची यादी आणि आईचें ताट

डोंबिवलीहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. पत्र दोनच पानांचें आहे. पण वाचल्यापासून आठ दिवस तें मनांतून गेलें नाहीं. त्या लिहितात, "मी व माझे यजमान दोघेंहि नोकरीस जातों. सकाळीं सातच्या गाडीनें निघावें लागतें आणि घरीं परत येईतों रात्रीचे आठ वाजतात. मुलगा सातवींत आहे, मुलगी तिसरींत. परवां कचेरींत सर्वांची तपासणी झाली, तींत माझें वजन बारा किलो जास्त आणि साखर सीमेवर असल्याचें निघालें. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, आहार सांभाळा. आपण या सदरांत दिनचर्येविषयीं पुष्कळ लिहितां. तें वाचावयास गोड वाटतें. पण गुरुजी, तो सारा वेळ मीं आणावा कोठून, तेवढें एकदां सांगा."

प्रश्न रोखठोक आहे आणि त्यांत थोडा रागहि आहे. तो राग मला योग्य वाटतो. या पत्रास मीं प्रथम जें उत्तर लिहिलें, त्याचा प्रारंभ ब्राह्म मुहूर्तीं उठण्यापासून होता. चार पानें लिहून झाल्यावर तीं वाचून पाहिलीं आणि फाडून टाकिलीं. ज्या बाईचें स्वयंपाकघर रात्रीं साडेअकराला आवरून होतें, तिला पहांटे चारला उठावयास सांगणें हा उपदेश नव्हे, अज्ञान होय. असलें अज्ञान माझ्या स्वतःच्या घरांत मला महाग पडलें आहे. तें कसें, हें पुढें सांगणार आहें. प्रथम व्यायामाचा हिशेब पाहूं. कारण तो वाटतो तितका अवघड नाहीं.

आपल्या वैद्यकशास्त्रानें व्यायामाची थोरवी सांगितली, तशी त्याला मर्यादाहि घातली. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायांत व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें म्हटलें आहे. तोहि बलवान् व स्निग्ध अन्न खाणाऱ्या मनुष्यानें, थंडीच्या दिवसांत आणि वसंतांत. इतर काळीं त्याहून कमी. अर्धी शक्ति खर्च झाली हें ओळखावें कसें? सुश्रुतानें त्याची खूण दिली आहे. छातींतला वारा तोंडावाटे येऊं लागला, म्हणजे अर्धें बळ संपलें असें समजावें. आजचे डॉक्टरहि मध्यम श्रमाची खूण जवळजवळ अशीच सांगतात. चालतांना बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये, इतकाच वेग असावा. तेव्हां घामानें निथळल्याशिवाय व्यायाम झाला नाहीं, ही समजूत ना जुन्या शास्त्राला मान्य, ना नव्या.

आतां मात्रेविषयीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत प्रौढ माणसास आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटें. १५० ला सातांनीं भागिलें तर रोजचीं साडेएकवीस मिनिटें येतात. आणखी एक गोष्ट पत्रकर्त्या भगिनींनीं ध्यानांत धरण्याजोगी आहे. पूर्वींच्या सूचनांप्रमाणें सलग दहा मिनिटें श्रम झाले तरच ते जमेस धरीत. २०२० सालीं ही अट काढून टाकण्यांत आली. म्हणजे स्टेशनचा जिना चढण्यांत गेलेलीं दोन मिनिटें, भाजी आणण्यांत गेलेलीं सात मिनिटें, हीं सारीं आतां जमेच्या बाजूस पडतात. ज्यांना सलग तास मिळत नाहीं, त्यांना हा मोठाच दिलासा आहे. एक आणा एक आणा करून रुपया होतो, हें आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनीं शिकविलें होतें; तोच हा हिशेब.

या दृष्टीनें जेवणानंतरच्या शतपावलीचा विचार करूं. शतपावली हा शब्द सुंदर आहे, पण त्यांतील संख्या फसवी आहे. शंभर पावलें चालावयास बेताच्या चालीनें एकच मिनिट लागतें. मीं घड्याळ लावून पाहिलें आहे. तेव्हां शतपावलीची सहस्रपावली करावी. दहा मिनिटें होतील. जेवणानंतर असें थोडें चाललें असतां रक्तांतील साखरेची चढण कमी होते, हें आतां सिद्ध झालें आहे. ज्यांची साखर सीमेवर आहे त्यांनीं तर ही दहा मिनिटें औषधासारखीं पाळावीं. आणि तीं एकट्यानें न पाळतां सर्व घरानें मिळून पाळावीं. मुलांना दिवसभरांत काय घडलें हें विचारावयास दुसरी वेळ आपल्याला मिळते कोठें? मोबाईल घरीं ठेवून खालीं उतरलें, तर व्यायामहि होतो आणि संसारहि होतो.

सकाळचीं दहा मिनिटें सूर्यनमस्कारांस द्यावीं. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून नमस्कार सुरू केले, स्वतः नेमानें घातले आणि स्त्रिया, पुरुष व मुलें या सर्वांना ते सारखेच हितकर आहेत असा प्रचार जन्मभर केला. त्यांचें या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लंडनास छापलें गेलें. नमस्काराला जागा सतरंजीएवढी पुरते आणि साधन कांहींच लागत नाहीं. त्यांत पाठ, खांदे, हात, पोट व मांड्या या सर्वांस काम मिळतें. त्यामुळें स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाचा भागहि पुष्कळसा साधतो. सावकाश बारा नमस्कार घालावयास पांच-सहा मिनिटें लागतात. प्रारंभ तिहींनीं करावा आणि आठवड्यास एकेक वाढवावा. ज्यांचे गुडघे दुखतात, रक्तदाब अधिक आहे किंवा पाठीचा विकार आहे, त्यांनीं वैद्यांस विचारल्याशिवाय घालूं नयेत. त्यांनीं भिंतीला हात टेकून दंड काढावे आणि खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठावें-बसावें. हेंहि कमी नाहीं.

येथें कोणी म्हणतील कीं आमच्या आज्यांना नमस्कारांची गरज नव्हती; जातें, उखळ आणि विहीर हाच त्यांचा आखाडा होता. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. दळण-कांडणांत श्रम होते, यांत शंका नाहीं. पण माझी आजी पन्नाशींतच कमरेंत वांकली होती आणि रात्रीं पाय चेपून घेतल्याशिवाय तिला झोंप येत नसे, हेंहि मीं पाहिलें आहे. श्रम शक्तीबाहेर गेले कीं ते व्यायाम राहत नाहींत. त्या काळाचें गाणें गाण्यांत अर्थ नाहीं. त्यांतून घ्यावयाचें तें एवढेंच कीं शरीराला रोज कांहींतरी उचलूं द्यावें, खालीं बसूं द्यावें आणि आधाराशिवाय उठूं द्यावें. जेवावयास पाटावर किंवा सतरंजीवर बसणारें घर दिवसांतून दोनदां तरी हा व्यायाम नकळत करीत असतें.

व्यायामाविषयीं इतकें पुरे. खरी ग्यानबाची मेख आहारांत आहे. २०२३ सालीं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आंकडे प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांत सुमारें १० कोटि लोक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. पत्रकर्त्या भगिनी त्या उंबरठ्यावरच्या एक. उंबरठ्यावरून माघारें फिरतां येतें, ही त्यांतली आशेची गोष्ट.

आहार सुधारावयाचा म्हटलें कीं लोक प्रथम नव्या पाककृति शोधूं लागतात. माझी सूचना निराळी आहे. प्रथम वाण्याची यादी पाहावी. आपण काय खातों तें ताटापेक्षां यादींत स्पष्ट दिसतें, कारण ताट रोज बदलतें आणि यादी खोटें बोलत नाहीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं भारतीयांसाठीं आहाराचीं जीं सूत्रें प्रसिद्ध केलीं, त्यांत दोन हजार कॅलरींच्या आहारास दर माणशीं रोजचें प्रमाण दिलें आहे : धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळें १००, डाळी व कडधान्यें ८५, शेंगदाणे-तीळ यांसारखे तैलयुक्त दाणे ३५, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षां कमी असावें आणि वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आंत. लहान मुलाला कमी लागेल, वाढत्या मुलाला जास्त. तरी सरासरीनें घराचा अंदाज करावयास हे आंकडे पुरेसे आहेत.

आतां त्रैराशिक मांडावें. आमच्या घरीं आम्ही पांच माणसें : मी, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें. पांच माणसें व तीस दिवस, म्हणजे दीडशेंनीं गुणावयाचें. तेल-तूप चार किलो. साखर-गूळ पावणेचार किलो. मीठ पाऊण किलो. डाळी व कडधान्यें पावणेतेरा किलो. हा झाला शास्त्राचा हिशेब. मग मीं आमची खरी यादी काढली. तेल सात लिटर, शिवाय तूप एक किलो. साखर पांच किलो; बिस्किटें आणि सरबतांच्या बाटल्यांतली वेगळीच. मीठ एक किलो. तें पापड, लोणचें व पाकिटांतल्या खाऱ्या पदार्थांवांचून. आणि डाळी व कडधान्यें मिळून अवघीं चार किलो. म्हणजे तेल दुपटीच्या आसपास आणि डाळ तिसऱ्या हिश्श्यावर. चाळीस वर्षें मीं मुलांना गणित शिकविलें, पण स्वतःच्या घरचें हें गणित कधीं मांडलें नव्हतें.

आपल्या ब्राह्मणी स्वयंपाकाची थोरवी आपण नेहमीं गातों. साधें वरण, भात, तूप, लिंबू यांची योग्यता मी कमी लेखीत नाहीं. पण वरणांत डाळ किती आणि पाणी किती, हें कोणी पाहत नाहीं. डावेला कोशिंबीर आणि उजवेला भाजी ही मांडणी उत्तम खरी. परंतु कोशिंबीर चमचाभर आणि भाजी बटाट्याची, असें झालें कीं ती मांडणी नांवाचीच राहते. उपवासाचें तर विचारूं नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्याची तुपांत परतलेली खिचडी, वर बटाट्याची कीस-भाजी, आणि त्याला आपण लंघन म्हणतों! ज्यांना उपवास करावयाचा असेल त्यांनीं वरीचा भात, दाण्याची आमटी, दही, राजगिरा व फळें घ्यावीं. धर्महि राहील आणि साखरहि राहील.

डाळीचें प्रमाण वाढवावयास नवीं शास्त्रें नकोत; आपल्या फडताळांत सर्व आहे. सकाळीं मुगाचें धिरडें किंवा भाजणीचें थालीपीठ. दुपारच्या डब्यांत मटकीची, चवळीची वा वालाची उसळ. रात्रीं दाट वरण किंवा पिठलें. अधूनमधून मूठभर भाजलेले हरभरे व शेंगदाणे. उसळीस मोड आणावयास वेळ लागतो, श्रम लागत नाहींत : रात्रीं भिजत घालावें, सकाळीं निथळून फडक्यांत बांधावें, दुसऱ्या दिवशीं मोड तयार. रविवारीं तासभर सर्वांनीं बसून दोन कडधान्यांना मोड आणावे, पालेभाज्या निवडून कोरड्या फडक्यांत गुंडाळून ठेवाव्या, आलें-मिरची वाटून ठेवावी आणि महिन्यांतून एकदां भाजणी दळून आणावी. मग आठवड्याचा निम्मा भार उतरतो. जी बाई रात्रीं आठला घरीं येते, तिला स्वयंपाकाचा तितका कंटाळा नसतो, जितका तयारीचा असतो.

भात व गहू यांच्या जोडीला ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांना पुन्हां बोलवावें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेंहि भारताच्या सूचनेवरून. नाचणींत शंभर ग्रॅममागें सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असतें. तांदुळांत तें दहाच्या आसपास. वाढत्या मुलांना आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना नाचणीची भाकरी किंवा आंबील ही स्वस्त आणि खरी पौष्टिक वस्तु आहे. पालेभाजी, कडधान्य यांवर लिंबू पिळावें. त्यानें अन्नांतील लोह अंगीं अधिक लागतें. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच मागून चहा घेतला तर तें कमी लागतें. जेवण आणि चहा यांत निदान तासाचें अंतर असावें. आणि आपण शाकाहारी असल्यामुळें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. दूध, दही, ताक यांतून तें कांहीं प्रमाणांत मिळतें. पण ज्यांच्या पोटांत दूधहि फारसें जात नाहीं, त्यांनीं रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळी घ्यावी. यांत आपल्या आहाराचा अपमान कांहीं नाहीं. उणीव मान्य केल्याशिवाय भरून निघत नाहीं.

एवढें सर्व मला ठाऊक होतें, असें कोणी समजूं नये. निदान ज्याला ठाऊक असणें म्हणतात तसें नव्हतें. दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. श्रावणांत एका संध्याकाळीं सूनबाई कचेरींतून येतांना आमच्याच इमारतीच्या जिन्यांत घेरी येऊन बसली. शेजाऱ्यांनीं आधार देऊन वर आणिलें. चिरंजीव परगांवीं गेलेले. म्हणून दुसऱ्या दिवशीं मीच तिच्याबरोबर दवाखान्यांत गेलों. रक्त तपासलें. स्त्रियांना जें हिमोग्लोबिन निदान बारा असावें, तें तिचें आठ निघालें. डॉक्टरीणबाई वयानें लहान, पण गंभीर होत्या. त्यांनीं तिला विचारलें, "सकाळीं काय खातां?" ती म्हणाली, "चहा." "दुपारीं?" "डबा असतो." "डब्यांत काय?" ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "मुलांचे डबे भरून जें उरेल तें." मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, या रात्रीं किती वाजतां जेवतात?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. अकरा वर्षें ती मुलगी आमच्या घरीं आहे. अकरा वर्षें मी साडेआठला पानावर बसतों आणि तव्यावरची पोळी पानांत पडते. पोळी वाढतां वाढतां तिला मीं मिताहाराचें महत्त्व सांगितलें आहे, चरक आणि वाग्भट यांतला मतभेद समजावून दिला आहे. परंतु ती जेवते केव्हां आणि काय, हें मला माहीत नव्हतें. तोंवर मी बातम्या ऐकून निजलेला असें. त्या दिवशीं रिक्षांतून परत येतांना आम्ही दोघेंहि बोललों नाहीं. माझ्या पत्नीला जाऊन आतां आठ वर्षें झालीं. चौतीस वर्षांच्या संसारांत ती किती वाजतां जेवत असे, हेंहि मला आठवेना. आठवेना म्हणणें खोटें आहे. मीं तें कधीं पाहिलेंच नव्हतें.

हें माझ्या एकट्याच्या घरचें दुखणें असतें तर येथें मांडलें नसतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या अंगीं रक्त कमी असल्याचें आढळलें. यांत केवळ गरिबांच्या लेकी-सुना आहेत असें मानून सुशिक्षित घरांनीं स्वस्थ बसूं नये. जेथें अन्न भरपूर आहे, तेथेंहि तें वाढणारीच्या पानांत शेवटीं पोंचतें. पोंचतें तेव्हां भाजी संपलेली असते, भूक मेलेली असते, आणि उरलेलें टाकूं नये हा संस्कार मात्र जागा असतो. त्यामुळें एकच घर एकीला अशक्त करतें आणि दुसरीला, सकाळचें व रात्रींचें उरलेलें संपवितां संपवितां, स्थूल करतें. पत्रकर्त्या भगिनींचे बारा किलो यांतले किती असतील, हें त्यांचें त्यांनींच पाहावें.

घरीं आल्यावर आम्ही कांहीं नियम केले. रात्रीं सर्वांनीं एकदम बसावयाचें. पोळ्या आधीं करून डब्यांत ठेवावयाच्या आणि सर्व भांडीं मध्यें ठेवून ज्यानें त्यानें वाढून घ्यावयाचें. भाजी निवडणें, कडधान्य भिजविणें व दाण्याचें कूट करणें हें काम माझें. कोशिंबीर चिरंजीवांची. पानें घेणें, पाणी ठेवणें आणि मागची आवराआवर नातवंडांची. हें मोठें सुधारणेचें काम आहे असें मला वाटलें होतें. पण त्याच्या आड पहिला आला तो मीच. तिसऱ्या दिवशीं निवलेली पोळी तोडतांना माझ्या तोंडून गेलें, "पोळी तव्यावरचीच खरी." कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाई संवयीनें उठूं लागली. तेव्हां माझी नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, आई जेवते आहे." मी निमूटपणें ती पोळी खाल्ली. तेव्हांपासून निवलेल्या पोळीस नांव ठेविलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर डब्यांतली पोळी मऊ असते, दांतांना बरी पडते.

डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या, त्यांना अन्नाची जोड मिळाली. आठ महिन्यांनीं सूनबाईचें हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर गेलें. बारा अद्याप व्हावयाचें होतें; पुढें तेंहि झालें. घरांतलें तेल सातावरून साडेचार लिटरांवर आलें, तें मुख्यतः तळण आठवड्यांतून एकदांच केल्यामुळें. डाळ आठ किलोंपर्यंत चढली आहे; पावणेतेरा अजून गांठली नाहीं. नियम मोडत नाहींत असें नाहीं. परीक्षेच्या दिवसांत, पाहुण्यांच्या गर्दींत सर्व विस्कटतें. विस्कटलें कीं पुढच्या सोमवारीं पुन्हां सुरू करतों. चिरंजीव सकाळीं नमस्कार घालतात, तेव्हां धाकटा नातू शेजारीं चटई टाकून उलटेसुलटे हातपाय करितो. त्याला कोणी सांगितलेलें नाहीं. मुलें कानांनीं थोडें आणि डोळ्यांनीं फार शिकतात, हा माझ्या चाळीस वर्षांच्या शिक्षकीचा अनुभव आहे. पालकांनीं स्वतःसाठीं काढलेलीं दहा मिनिटें मुलांकडून हिरावून घेतलेलीं नसतात. तीं मुलांनाच दिलेलीं असतात.

आतां डोंबिवलीच्या भगिनींस उत्तर. आपण विचारलें, वेळ कोठून आणूं? आपल्या झोंपेंतून आणूं नका. प्रौढ माणसास सात तास झोंप हवी; ती तोडली तर भूक भलतीकडे धांवते आणि व्यायामाचा लाभहि कमी होतो. वेळ आणावयाचा तो कामाच्या वांटणींतून. आपले यजमान सातच्या गाडीनें जातात, तसे आठला परतहि येत असतील. कुकर लावणें आणि पोळ्यांची कणीक मळणें हें शास्त्रानें कोणत्याहि लिंगास निषिद्ध केलेलें नाहीं. सातवींतल्या मुलाला काकडी चिरतां आली पाहिजे. तिसरींतल्या मुलीला वाटाणे सोलतां येतात. या एका वांटणींतून आपले जे चाळीस मिनिटें सुटतील, त्यांतली वीस चालण्याला व नमस्कारांना द्या आणि वीस निव्वळ बसण्याला द्या. या महिन्याच्या एक तारखेला वाण्याची यादी घेऊन वर सांगितलेलें त्रैराशिक चौघांपुरतें मांडा. म्हणजे एकशेंवीसांनीं गुणा. तेल-तूप सव्वातीन किलो आलें पाहिजे. जास्त असेल तर एकदम निम्मे करूं नका. दर महिन्यास अर्धा लिटर कमी करा. साखर तीन महिन्यांनीं पुन्हां तपासा आणि आंकडा मला कळवा.

आणि एक काम आज रात्रींच करा. यास पैसा लागत नाहीं व वेळहि लागत नाहीं. पानें घ्याल तेव्हां आपलें पान सर्वांबरोबर मांडा, त्यांत भाजी प्रथम वाढा आणि बसा. कोणाला आणखी पोळी हवी असेल तर डबा मध्येंच आहे.